वाढून ठेवलेली दुपार

"सगळ्याजणी करतात म्हणून ते बरोबर होत नाही, आई," लेक तिसऱ्यांदा म्हणाली. मावशीने हातातलं पातेलं ओट्यावर असं आदळलं की एरवी चार हाका मारल्या तरी ऐकू न येणाऱ्या सासूबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं, "काय फुटलं?"

फुटलं काहीच नव्हतं. अर्धा तास झाला, भांडण घाण्याच्या बैलासारखं एकाच वर्तुळात फिरत होतं. काल आलेल्या पोरीने जुन्या माणसांना शहाणपण शिकवू नये, असं मावशीचं म्हणणं. मी कुणाला काही शिकवत नाहीये, फक्त एक प्रश्न विचारलाय, असं लेकीचं. आणि नेमका तो प्रश्नच मावशीला नको होता.

मावशी हे आईचं कामावरचं नाव. बावीस वर्षं ती एका शुश्रूषागृहात म्हाताऱ्या माणसांचं हवं-नको बघत होती. तिथे लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत, आणि ते नाव तिच्यामागून घरापर्यंत येऊन चिकटलं होतं. नवरासुद्धा लाडात आला की ‘मावशी, चहा मिळेल का’ म्हणायचा. तीन आठवड्यांपूर्वी लेकही शुश्रूषेचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम संपवून तिथेच लागली, त्याच मजल्यावर.

त्या मजल्यावर चौदा खाटा आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक फळी टांगलेली. फळीवर तक्ता. दर अर्ध्या तासाला एक रकाना: श्वास कसा आहे, कूस बदलली का, पाणी दिलं का, शेवटी सही. दुपारच्या पाळीला चौदा जणांमागे बाया दोन. अर्ध्या अर्ध्या तासाने चौदा रकाने खरोखर बघून भरायचे, तर हातात पेनच राहील, माणसाचा हात धरायला हात उरणार नाही. म्हणून पाळी सुरू झाली की बाया एका बैठकीत पुढच्या दोन-तीन तासांचे रकाने भरून टाकत. ‘शांत झोप. श्वास नियमित. पाणी दोन चमचे.’ याला तिथे तक्ता वाढून ठेवणं म्हणत. मध्येच काही वेगळं घडलं तर खोडून दुरुस्त करायचं. पण म्हाताऱ्या माणसांच्या दुपारी वेगळं काय घडणार? बहुतेक वेळा वाढलेलं तसंच्या तसं खरं ठरे.

लेकीने हे करायला नकार दिला. आधी बघायचं, मग लिहायचं, असं तिला शिकवलं होतं आणि तिने ते मनावर घेतलं होतं. परिणामी तिचे तक्ते रोज अर्धवट, पाळी संपून तास झाला तरी ती पळतेच आहे. बरोबरीच्या बायांनी तिला ‘देवाची चित्रगुप्त’ नाव ठेवलं. आणि आज एकीने तोंडावर सांगितलं, अगं, हे वाढून ठेवणं आम्हाला शिकवलं कुणी? तुझ्याच आईने.

"खरं आहे का ते?" लेकीने घरात पाऊल टाकताच विचारलं होतं.

खरंच होतं. मावशीने ते नाकारलं नाही. कागदाचं पोट आधी भरावं लागतं, नाहीतर माणसांचं भरायला वेळ मिळत नाही, असं ती म्हणाली. ते वाक्य बावीस वर्षं चांगलं चाललं होतं. लेकीवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

"पण तीन वाजता काय होणार, ते एक वाजता तुला कसं कळतं?"

"कळतं. बावीस वर्षांत कळायला लागतं."

हे बोलताना मावशीचा आवाज मध्येच फाटला. लेकीला वाटलं रागाने.

नवरा उंबऱ्यात बसून कानशीने एक किल्ली घासत होता. कोपऱ्यावर त्याची किल्ल्या करायची टपरी होती, आणि संपलं नाही ते काम तो घरी आणायचा. किल्लीवरची पूड फुंकत तो म्हणाला की आपण तरी बुवा कुलूप बघितल्याशिवाय कधी किल्ली केली नाही. विनोद करून भांडण मोडायचं ही त्याची जुनी रीत. पण मावशीने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो किल्ली घेऊन बाहेरच्या पायरीवर सरकला.

"सगळे वेडे आणि तू एकटी शहाणी," मावशी लेकीला म्हणाली. "उद्यापासून चार माणसांसारखं वाग. माझं नाव घालवू नकोस तिथे."

लेक आपली पिशवी उचलून आत निघून गेली. मावशी जिंकली, आणि जिंकल्यावर तिला इतकी लाज वाटली की ती धुतलेलंच पातेलं पुन्हा घासायला बसली.

तिच्या लाजेला चौदा महिने झाले होते.

शेवटच्या खोलीत एक बाई होत्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या, आता कमरेखाली काही चालत नाही, पण जीभ शाबूत. दुपारी झोप त्यांना येत नसे. मावशी कूस बदलायला गेली की त्या तिला थांबवून घेत आणि देवाबद्दल बोलत. भक्तिभावाने वगैरे नाही. जुन्या मुख्याध्यापकाबद्दल बोलावं तसं. माणूस मोठा, पण त्याचे काही निर्णय आपल्याला पटलेले नाहीत, अशा सुरात.

एकदा त्या म्हणाल्या, शाळेचं वेळापत्रक मी करायची. भला मोठा कागद, भिंतीवर. मुलांना एका वेळी एकच तास दिसतो. गणित चालू असलं की चित्रकला अजून यायचीय आणि भाषा होऊन गेली. मला मात्र सोमवारपासून शनिवारपर्यंत सगळं एकदम समोर. देवाचं तसंच असणार. त्याच्याकडे काल नाही, उद्या नाही. त्याला सगळं आत्ताच दिसतंय.

मावशीला हे फार आवडलं. म्हणजे देवाकडेही आमच्यासारखा तक्ता आहे म्हणायचा, ती म्हणाली.

"आहे, पण तुझ्यासारखा नाही," बाई म्हणाल्या. "तू न बघता पुढचं लिहितेस. तो बघतोय, म्हणून त्याला ठाऊक आहे. तू मला आत्ता भात भरवतेस ते मी बघतेय, म्हणून काय मी तुला भरवायला भाग पाडलं?"

बाईंना वाढून ठेवणं माहीत होतं तर. एकदा मावशी तक्ता खाटेवरच विसरली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला होता आणि मग गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "अगं, साडेतीन वाजता मी शांत झोपले होते असं दिसतंय इथे. आत्ता पावणेदोन झालेत. आता मला झोपणं भाग आहे." दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतले आजोबा घंटी वाजवायला लागले.

त्या बाईंनी मावशीकडे एकच गोष्ट मागितली होती. मरायची भीती नाही, म्हणाल्या, पण त्या वेळी कुणीतरी बघायला हवं. मावशीने सहज म्हटलं, देव बघेल की. बाई म्हणाल्या, "तो तर सगळंच बघतो, त्यात माझं काय विशेष? तू बघ."

मावशीने त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

त्या आठवड्यात बाईंचा श्वास बदलला होता. डॉक्टर म्हणाले, आज-उद्या. मावशीने त्यांच्या उशापाशी खुर्ची नेऊन ठेवली. मंगळवार होता. एक वाजता तिने नेहमीप्रमाणे चौदाही तक्ते वाढले. बाईंचाही वाढला, हाताच्या सवयीने. दीड वाजता बाईंना म्हणाली, जेवून येते, दहा मिनिटं. बाईंनी डोळे उघडून म्हटलं, "ये. मी आहेच."

जेवण झाल्यावर ती चादरींच्या खोलीत शिरली. धुतलेल्या चादरींच्या थप्प्या, वर पंखा, गार फरशी. पाठ टेकते जरा, असं तिने स्वतःलाच सांगितलं. दमली होती म्हणावं तर तशी रोजच दमायची. घरी कुणी आजारी नव्हतं, आदली रात्र जागून काढली नव्हती. पुढे किती शोधलं तरी तिला त्या झोपेसाठी एकही कारण सापडलं नाही. पोट भरलं होतं आणि पंखा चालू होता, एवढंच.

जाग आली तेव्हा चारला दहा कमी होते.

बाईंचा हात गार होता. आत्ता गेलेल्या माणसाचा हात गार नसतो, हे बावीस वर्षांत कळायला लागतं. दीड तास तरी झाला असणार. चेहरा उशीवर एका बाजूला वळलेला, रिकाम्या खुर्चीकडे. आणि पायथ्याशी तिच्याच अक्षरात: अडीच, शांत झोप. तीन, श्वास नियमित. साडेतीन, पाणी दोन चमचे दिले. मेलेल्या बाईला तिने दोन चमचे पाणी पाजलं होतं.

खोडायला हवं होतं. पेन खिशात होतं. तिने ते काढलंही, आणि चारच्या रकान्यात लिहिलं: तीन पन्नास, श्वास थांबला. साडेचारला डॉक्टर आले, खाली इतर पेशंट ताटकळले होते, त्यांनी तक्ता वाचला आणि तीच वेळ दाखल्यावर उतरवली. मोठ्या सिस्टर मावशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तू जवळ होतीस हे तरी बरं. मावशीने मान हलवली. खोटं बोलायला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.

नंतर मात्र लागलं. बाईंचा मुलगा दूरदेशी. तो पोचला तोवर सगळं उरकलं होतं. त्याने मावशीचा नंबर घेतला आणि दर महिन्याच्या त्या तारखेला फोन करायला लागला. पहिल्या महिन्यात त्याने विचारलं, तुम्ही होतात ना? होते. दुसऱ्या महिन्यात, हात धरला होता का तिचा? धरला होता. तिसऱ्या महिन्यात, काही बोलली का? देवाचं नाव घेतलं, मावशी म्हणाली. तिकडे तो माणूस रडायला लागला. इकडे मावशीला बाईंचा चेहरा दिसला. मी? नाव घेतलं? त्याचं आणि माझं अजून बोलणं व्हायचं होतं, असं म्हणणारा.

मावशीचा फोन कानाला लावून ऐकू येत नसे, मोठ्या आवाजावरच चालायचा. त्यामुळे हे सगळं घरभर ऐकू जाई. सासूबाईंना नाही, पण लेकीला. लेक तेव्हा दुकानात कापड मोजायची आणि पुढे काय करावं या विचारात होती. तिसऱ्या फोननंतर ती आईजवळ येऊन बसली. मला पण तुझं काम करायचंय, म्हणाली. मरणाऱ्या माणसाचा हात धरणारं काम. मावशीने तिला जवळ घेतलं.

काळ हेच औषध, असं सासूबाई कुठल्याही दुखण्यावर सांगायच्या, गुडघ्यापासून सुतकापर्यंत. मावशीनेही त्यावरच भिस्त ठेवली होती. दिवस जातील, दुपार जुनी होईल, तिचे कंगोरे झिजतील. पण बाईंनी ते वेळापत्रक तिच्या डोक्यात टांगून ठेवलं होतं, ते काही निघेना. देवाला काल नसेल तर विसरायलाही त्याच्याकडे काही नाही. त्याच्यापुढे तो मंगळवार होऊन गेलेला नाही, चालूच आहे. बाई आत्ता खुर्चीकडे बघतायत. मी आत्ता चादरींच्या खोलीत घोरतेय. माणसांना फसवायला दोन-तीन तास पुढे लिहून चाललं, पण त्याच्या समोर कुठला रकाना पुढचा आणि कुठला मागचा?

सकाळी देवापुढे हात जोडायला उभी राहिली की तिची नजर खाली जाई. एकदा मात्र तिला एक युक्ती सुचली. तुला सगळं आत्ताच असेल, ती मनात म्हणाली, तर तू आत्ता जा. सव्वादोन वाजलेत तिथे. खुर्ची रिकामी आहे. मी येत नाही तोवर बस बाईंजवळ. उशिरा मागितलं म्हणून तुला काय फरक पडतो?

क्षणभर तिला हलकं वाटलं. बसला असेल तो. बसला असेलच. मग ध्यानात आलं की हे आपण दुसरं काय केलं? कामावर एखादीला दांडी मारायची असली की ती दुसरीला म्हणते, माझ्या जागी बस जरा. मावशीने देवाला बदली लावलं होतं. शिवाय बाईंनी त्याला मागितलंच नव्हतं. तो बघतो हे त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी मावशीला मागितलं होतं. शरमेने तिचे कान तापले, आणि त्या दिवसापासून तिने देवापाशी काही मागणंच सोडलं.

पातेल्यावरून भांडण झालं ते सोमवारी. मंगळवार-बुधवार लेक मुकाट्याने आली-गेली. गुरुवारी मावशीची सुट्टी होती. लेक साडेपाचलाच घरी आली, चेहरा ताजा, हातात वाटेत घेतलेली कोबी.

"आज वेळेवर सुटले," ती म्हणाली. मग चप्पल काढता काढता, सहज सांगावं तसं, "दोन ते चारचं भरून टाकलं एकदम. तू म्हणतेस ते खरं आहे, आई. हात मोकळे राहतात."

मोठ्या सिस्टर म्हणे खूश झाल्या. आईची मुलगी शोभतेस, म्हणाल्या. बाकीच्या बायांनी टाळ्या वाजवून तिला आपल्यात घेतलं, चहा पाजला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती बसून चहा प्यायली होती. मावशी ओट्याशी उभी राहून ऐकत होती.

"आणि नंतर जाऊन बघितलंस ना सगळ्यांना?"

"अगं, झोपले होते सगळे शांत." लेकीने कोबी विळीजवळ ठेवली. "असतील. दारातून दिसतंच की."

ते ‘असतील’ मावशीने लगेच ओळखलं. शब्द तिचा होता. असतील. असणारच. कुठे जाणारेत. बावीस वर्षं तिने तो शब्द वापरला होता, आणि आता तो लेकीच्या तोंडात इतका सहज बसला होता की जणू दुधाबरोबरच पाजला असावा.

कोबी चिरताना तिच्या लक्षात आलं की ती कशाची वाट बघत होती. चूक जुनी होण्याची. आणि काळाने चूक जुनी केली नव्हती. तिला शिकवून, गणवेश चढवून कामाला लावली होती. एखाद्या दुपारी लेकही पंख्याखाली पाठ टेकेल. एखादा हात गार होईल. मग तीही पेन काढेल आणि खोडणार नाही, आणि कुणाच्या तरी मुलाला सांगेल की देवाचं नाव घेतलं. बाईंच्या त्या भिंतीवरच्या कागदावर आईचा मंगळवार आणि लेकीचा तो दिवस शेजारी शेजारी असतील. कुणाचा आधीचा, कुणाचा नंतरचा, हे तिथे विचारणारं कुणी नाही.

लेकीचा तो दिवस त्याला दिसत असेल तर असेल. मावशीला दिसत नव्हता. तिला फक्त आजचा गुरुवार दिसत होता, आणि त्यातही आता थोडाच उरला होता.

निवृत्तीला दोन वर्षं होती. काम जाईल, कदाचित आणखीही काही होईल. दाखल्यावरची वेळ खोटी आहे. तिकडे तो मुलगा एकटाच फोन हातात धरून बसेल, त्याच्या आईचं मरण त्याच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतल्यासारखं. या सगळ्याची तिला भीती वाटत होती. पण तिने नीट चाचपून बघितलं तेव्हा ती भीती त्यांची नव्हतीच. भीती होती ती समोर बसून भाजीची वाट बघणाऱ्या या एका चेहऱ्याची. हा चेहरा ते ऐकेल, आणि पुन्हा कधी तिच्याजवळ येऊन तसा बसणार नाही. एवढ्याचसाठी चौदा महिने तिने हे लपवलं होतं.

तिने सगळ्यांना वाढलं. सासूबाईंना मऊ भात, नवऱ्याला जास्तीचं, लेकीला तिच्या आवडीचा कोबीचा कुरकुरीत भाग. नवरा एका गिऱ्हाइकाची गंमत सांगत होता. स्वतःच्याच घराबाहेर तीन तास बसलेला माणूस, आणि किल्ली शर्टाच्या खिशात. लेक हसत होती. मावशी स्वतःचं ताट न घेता भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्याची गोष्ट संपेपर्यंत थांबली.

"उद्या सकाळी मी मोठ्या सिस्टरांकडे जाणार आहे," ती म्हणाली. "शेवटच्या खोलीतल्या बाई गेल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हते. मी चादरींच्या खोलीत झोपले होते. तक्ता मी आधीच भरला होता आणि वेळ खोटी लिहिली. हात धरला नाही, त्यांनी नाव घेतलं नाही, ते सगळं मी रचलं. हे मी उद्या तिथे लिहून देणार आहे, आणि दुपारी त्यांच्या मुलाला फोन करून त्यालाही सांगणार आहे."